फुल-फ्रेम घेण्याआधी लेन्सचा हिशेब

नमस्कार. आपण खानापूर भागात लग्नसमारंभांची कामे निकॉन डी५६०० वर करता, सोबत ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) आणि ७०-३०० एएफ-पी डीएक्स अशा दोन लेन्स आहेत, पावसाळ्यात बेडकांसाठी आंबोली गाठता, एरवी रानात पक्षी टिपता. आणि आता २४-५० किट लेन्ससह (कॅमेऱ्याबरोबरच विकल्या जाणाऱ्या लेन्ससह) निकॉनचा फुल-फ्रेम, मिररलेस (आरशाविना) झेड५ घ्यावा का, असे विचारले आहे. माझे मत असे, की लग्नाच्या कामासाठी कॅमेरा जरूर घ्यावा, पण त्या किट लेन्ससह घेऊ नये.

फुल-फ्रेम सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) ३६ × २४ मिमीचा असतो आणि आपल्या कॅमेऱ्यातला सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून थोडा अधिक फरक पडतो. चौकट, अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) तेच ठेवले, तर मोठ्या सेन्सरवर साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक प्रकाश जमा होतो आणि त्या मानाने नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, कमी दिसतो. फुल-फ्रेमचा जो काही बोलबाला आहे, तो मुख्यतः या सव्वा स्टॉपचा. आता किट लेन्स पाहा. ५० मिमीवर ती एफ/६.३ च्या पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आपल्या ३५ मिमीची चौकट लहान सेन्सरमुळे जवळपास तेवढीच, पण ती एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे दोहोंत साडेतीन स्टॉपांहून अधिक अंतर आहे. गोरज मुहूर्तावर कार्यालयात जिथे आज आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १६०० वर भागते, तिथे त्याच शटरसाठी या लेन्सवर सुमारे २०,००० पर्यंत जावे लागेल. सेन्सरचा सव्वा स्टॉप वजा घातला, तरी दोन स्टॉपांहून अधिक तोटा उरतोच. एवढे पैसे घालून मागे जाण्यात काय हशील?

त्याऐवजी बॉडीसोबत (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यासोबत) झेड ५० मिमी एफ/१.८ घ्यावी. बजेट ताणले जात असेल, तर बॉडी वापरलेली घ्यावी, मात्र लेन्समध्ये काटकसर करू नये. झेड५ हा २०२० चा कॅमेरा आहे आणि २०२५ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आल्यामुळे वापरलेली बॉडी शोधणे अवघड नाही. फक्त शटर काउंट (आजवर किती छायाचित्रे काढली तो आकडा) पाहून आणि बिल मागूनच व्यवहार करावा.

लग्नाच्या कामात मला सेन्सरच्या आकाराहूनही मोलाचा वाटतो तो मिररलेसचा फोकस. डी५६०० चे ३९ फोकस बिंदू चौकटीच्या मधल्या भागात एकवटलेले आहेत. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, तेव्हा वधू चौकटीच्या एका कडेला आणि वर दुसऱ्या कडेला असतो, मध्ये अक्षतांचा मारा सुरू असतो, आणि कॅमेरा नेमका एखाद्या करवलीच्या खांद्यावर फोकस धरून बसतो. झेड५ चे २७३ बिंदू चौकटीच्या सुमारे ९० टक्के भागात पसरलेले आहेत आणि तो डोळे ओळखतो, त्यामुळे कडेच्या चेहऱ्यावरही फोकस बसतो. शिवाय त्यात दोन कार्ड बसतात. दुसऱ्याच्या घरचे कार्य एकाच कार्डाच्या भरवशावर टिपणे मला कधीच पटलेले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. विधी चालू असताना आवाज नको म्हणून सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावण्याचा मोह होतो, पण स्टेजवरचे एलईडी दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्यास छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटर आणि १/१०० सेकंद हेच बरे.

बॉडीतील स्टॅबिलायझेशनचा लाभ लग्नात फारसा होत नाही, कारण त्याने आपला हात स्थिरावतो, समोरची माणसे नव्हेत. त्याची खरी किंमत बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत कळते. १२०४ सालच्या या जैन मंदिराच्या छतावरील दगडी कमळ अंधुक उजेडात टिपायचे असते, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. तिथे १/८ सेकंदावर हातात धरूनही स्वच्छ चित्र मिळण्याची चांगली शक्यता असते.

बेडूक आणि पक्षी यांसाठी मात्र फुल-फ्रेमचा आग्रह नको. मॅक्रोमध्ये (अगदी जवळून टिपताना) बेडकाचा डोळा आणि पाय दोन्ही स्पष्ट हवे असतात, म्हणून अ‍ॅपर्चर लहान करून फ्लॅश वापरावाच लागतो. मोठ्या सेन्सरवर तेवढीच खोली (फोकसमध्ये स्पष्ट दिसणारा भाग) हवी असेल तर अ‍ॅपर्चर आणखी सव्वा स्टॉप लहान करावे लागते आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. पक्ष्यांची गोष्ट याहून सोपी आहे. आपल्या ३०० मिमीला डी५६०० वर ४५० मिमीइतकी चौकट मिळते; तीच लेन्स जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने झेड५ वर चालेल, पण डीएक्स चौकटीत, म्हणजे २४ ऐवजी जेमतेम १० मेगापिक्सेलवर. भीमगडच्या रानात उंच झाडावर बसलेल्या धनेशासाठी जुनाच कॅमेरा अधिक उपयोगी.

म्हणून डी५६०० विकू नये. आता त्याला फारशी किंमतही येणार नाही, आणि लग्नात ७०-३०० लावून तो दुसऱ्या खांद्यावर असला, तर लेन्स बदलण्याची घाई वाचते. असे केल्यास अ‍ॅडॉप्टरचा खर्चही तूर्त टळतो. ते पैसे दोन जादा बॅटऱ्यांत घालावेत, कारण मिररलेसची बॅटरी डी५६०० सारख्या डीएसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) मानाने बरीच लवकर उतरते. उरलेल्या पैशांतून ड्राय कॅबिनेट (आर्द्रता कमी ठेवणारे कपाट) घ्यावे. खानापूरच्या पावसात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला एक मोसम पुरतो.