तुमचे प्रश्न: खूर वाढलेलं लठ्ठ गाढव

प्रश्न: आमच्या आश्रयस्थानात एक गाढवीण आली आहे. खूर पुढे वाढून वर वळलेत, मानेवर चरबीचा कडक वळ आहे. वजन उतरावं म्हणून दोन दिवस चारा जवळपास बंद केलाय. आता ती मलूल दिसते. खूर एकदम कापून टाकू का?

उत्तर: चारा आजच सुरू करा आणि पशुवैद्यांना आजच बोलवा. लठ्ठ गाढवाचं खाणं तुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत-मूत्रपिंडं निकामी होतात आणि जनावर दगावू शकतं. गाढव दुखणं लपवतं. मान खाली घालून उभं राहणं एवढंच लक्षण पुष्कळदा दिसतं. रक्त तपासून घ्याच.

सावरल्यावर 160 किलोच्या गाढवाला दिवसाला साधारण सव्वादोन ते तीन किलो कोरडा चारा पुरतो. त्यात मुख्य भाग स्वच्छ काडाचा, थोडं वाळलेलं गवत. धान्य नको. काड चावताना दातांना त्रास होत नाही ना, तेही बघून घ्या. बदल आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू करा.

खूर एका बैठकीत मुळीच कापू नका. आतलं हाड सरकलेलं असू शकतं, म्हणून आधी एक्स-रे. मग अनुभवी नालबंदाकडून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने थोडंथोडं कानसून घ्या. पुढे सहा ते दहा आठवड्यांनी नेमाने.

तिच्यासोबत जोडीदार आला असेल तर उपचारातही दोघांना एकत्रच ठेवा. ताटातुटीनेही गाढवं खाणं सोडतात.