गृहकर्जाचे हप्ते थकले, बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. आता घर जाणार का?

नोटीस आली म्हणजे घर गेलं असं मुळीच नाही. तुम्ही लिहिलंय की घर गुहागरजवळ आहे, उत्पन्न आंब्याचं आणि होमस्टेचं, आणि भाऊबंदांत बोभाटा होईल म्हणून अजून कोणाशी बोलला नाहीत. मी रत्नागिरीत बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली. तिथे पाहिलंय म्हणून कळकळीने सांगतो, ती नोटीस कपाटात ठेवून देऊ नका.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि सरफेसी कायद्याच्या, म्हणजे तारण मालमत्ता विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२)ची नोटीस निघते. त्या ६० दिवसांत बँकेला लेखी उत्तर द्या. पत्राच्या दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साहेबांशी तोंडी झालेलं बोलणं पुढे कोणी धरत नाही. तुमची हरकत पटली नाही तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात.

पत्रात अडचणी दोन ओळींत सांगा, बाकी आकडे लिहा. आज किती भरता, उरलेले कधी. मार्च ते मे मोठे हप्ते आणि पावसाळ्यात लहान, असं मागा. सोबत वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे आंबा विक्रीचे हिशेब, आणि मागच्या सीझनची बुकिंगं जोडा. मात्र थोडेथोडे पैसे टाकून एनपीएचा शिक्का जात नाही, त्यासाठी सगळी थकबाकी भरावी लागते. एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं, हेही मागता येतं, पण ती द्यायची की नाही ही बँकेची मर्जी.

भरणं खरंच झेपणार नसेल, तर लिलावाची वाट न पाहता स्वतः गिऱ्हाईक शोधा. मुंबईचे चाकरमानी गावाकडे घरं शोधतच असतात, आणि लिलावापेक्षा भाव बहुधा बरा येतो. फक्त या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय व्यवहार करता येत नाही, तेव्हा कोणाकडून बयाणा घेऊ नका. लिलावच झाला, तर कर्ज आणि खर्च वळता करून उरलेली रक्कम तुमची असते. ती मागून घ्या.

२०१६च्या दुरुस्तीनंतर सगळे पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. पूर्वी विक्री होईपर्यंत वेळ मिळायचा, आणि गावातली जुनी माणसं अजून तेच सांगतात. त्यांच्यावर विसंबू नका. बँकेने ताबा घेतला आणि त्यात काही गैर वाटलं, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा.

शाखेत जाल तेव्हा खात्याचा पूर्ण उतारा मागा आणि दंडाची आकारणी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२४पासून दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. तसं दिसलं, तर तेही त्याच पत्रात लिहा.