सायलेन्सर घरीच बदलणार असशील तर

अरे, नवा सायलेन्सर बसवायला तासभर पुरतो, जुना सोडवायला अख्खा रविवार जातो. त्यामुळे शनिवारी रात्रीच गंजलेल्या बोल्टांवर डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेव. मी पहिल्यांदा घाई केली, पान्ह्याला पाइप लावून जोर दिला आणि स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) फ्लँजमध्येच, म्हणजे पाइपच्या जोडाच्या चकतीतच, मोडला. ड्रिल मारून काढायचे पैसे वर गेले.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही. जॅक स्टँड लाव, टेकलेल्या चाकांना ठोकळे दे. इंजिन पूर्ण गार हवं. सायलेन्सर लटकवणाऱ्या हँगरची रबरं निघेनात तर साबणाचं पाणी लाव. गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी चकती) नवीच घाल, शंभर-दोनशेत कंजूषी नको. क्लॅम्प आधी सैलच ठेव. पाइप बंपरला, बॉडीला घासत नाही ना बघ, मगच पुढून मागे आवळत ये. शेवटी गार इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी फवार. बुडबुडे आले तर गळती आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) मात्र हात लावू नकोस. तो काढलास की चेक इंजिनचा दिवा आणि पीयूसीची कटकट मागे लागते. आणि फटफटाट करणारा डबा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)ची पावती ठरलेलीच.