उट्रेख्तात घर कुठे घ्यावं? जुन्या गावात, आणि गाडीशिवाय

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तात, सोबत वहिनी आणि सहा वर्षांची मुलगी, आई दर उन्हाळ्यात येऊन राहणार. एकाच भाड्यात लाइडसे राइन या गावाबाहेरच्या नव्या वस्तीत तीन बेडरूमचं नवं घर मिळतंय, नाहीतर जुन्या गावात जेमतेम दोन खोल्यांचा फ्लॅट. कुठे राहावं, आणि गाडी लागेल का?

जुन्या गावात राहा. निदान पहिली दोन-तीन वर्षं. गाडी घेऊ नका.

तुम्ही धुळ्यातल्या देवपूरचे. तिकडे ऐसपैस प्लॉट, दारात गाडी, कोथिंबीर आणायची तरी किक मारायची. मी पांझरा नदीच्या अलीकडचा, गल्ली नंबर पाचातला. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने वसवलेली ती पेठ; खाली दुकान, वर घर. पाच कंदीलला भाजी आणायला गेलेला माणूस तासाभराने परत यायचा, कारण वाटेत चार जण भेटायचे. आमची शिकलेली सगळी पोरं तिथून निघून कॉलनीत, नाहीतर पुण्याला गेली. आता इथे येऊनही प्रत्येकाला तेच हवं असतं: नवं, मोठं, गावाबाहेरचं घर. घराला नाव ठेवायला जागा नसते. फक्त नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, नवरा ऑफिसात, आणि बाई दिवसभर कुणाशी एक शब्दही न बोलता बसलेली, हे मी ओळखीच्या घरांतून बघितलंय.

डच माणूस मनाचा चांगला, पण घरी बोलवायचं म्हटलं की डायरी उघडतो आणि तीन आठवड्यांनंतरचा रविवार देतो, दुपारी दोन ते चार. ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं’ हा प्रकार इथे नाही. मग न ठरवता माणसं भेटायची ती रस्त्यावरच. पायी फिरणाऱ्याला पाववाला ओळखायला लागतो, फुलवाली हात करते, शेजारची आजी कुत्रं घेऊन रोज त्याच वेळी दिसते. माझं मोडकंतोडकं डच क्लासपेक्षा चीजच्या ठेल्यावर जास्त सुधारलं.

जुनं उट्रेख्त पाण्याच्या वेढ्यात आहे. त्या वेढ्याला सिंगेल म्हणतात आणि त्याच्या कडेकडेने चालत पूर्ण फेरी मारली तर साधारण सहा किलोमीटर होतात. सत्तरच्या दशकात मोटारींसाठी या पाण्याचा एक भाग बुजवून तिथे हायवेसारखा रस्ता केला होता. पुढे लोकांनी कौल दिला, रस्ता उखडला आणि २०२० साली तिथे पुन्हा पाणी आणलं. आपल्याकडे नाले बुजवून रस्ते होतात, तेव्हा मला हटकून याची आठवण येते. असो.

मधोमध ११२ मीटर उंचीचा डोम टॉवर. बाजूचं चर्च आणि टॉवर यांच्यात मोकळा चौक दिसेल. तिथे चर्चचाच मधला भाग होता, तो १६७४ च्या वादळात कोसळला आणि परत बांधलाच नाही. आता आम्ही मुलांना सायकल शिकवायला तिथे नेतो. जवळून वाहणाऱ्या आउडेग्राख्त कालव्याची तऱ्हा मला अजून पुरती जुनी झालेली नाही: वर रस्ता आणि दुकानं, खाली पाण्याच्या पातळीवर दुसरा धक्का, आणि रस्त्याच्या पोटात शिरलेली तळघरं. पूर्वी बोटीतला माल थेट आत जायचा. आता तिथे हॉटेलं आहेत, आणि त्यांचा काही माल आजही विजेवर चालणाऱ्या बोटीने येतो.

शनिवार मात्र घरात घालवू नका. फ्रेडनबर्ग चौकात बाजार, यान्सकेर्कहोफला फुलं, आणि ब्रेटस्ट्राटला नुसता कापडाचा बाजार. माझी आई आली होती तेव्हा तिथे मीटरभर कापडासाठी खाणाखुणांनी घासाघीस करत होती. इथे तशी पद्धत नाही, पण त्या बाईने हसून वर दोन बटणं फुकट दिली. पाऊस असला तर (असतोच) न्यूडे चौकातलं वाचनालय गाठा. मूळचं १९२४ सालचं पोस्ट ऑफिस आहे ते, पिवळ्या विटांच्या उंच कमानींचं. मुलीला तिथे दोन तास सहज जातात.

भाजीपाल्यासाठी स्टेशनच्या पलीकडे लोंबोक नावाची वस्ती आहे, गावातून चालत जाता येतं. तिथल्या कनालस्ट्राटवर तुर्की आणि मोरोक्कन दुकानांत कोथिंबिरीची खरी जुडी, भेंडी आणि भरताची मोठी वांगी मिळतात. आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही, जांभळी असतात, पण भागतं. आणि इथेच एक मुद्दा, ज्याला लोक हसतात: लाइडसे राइनमध्ये घरं तापवायला गावाच्या गरम पाण्याची लाइन आहे, बऱ्याच घरांत गॅसची जोडणीच नाही. २०१८ च्या जुलैपासून तर नव्या घरांना गॅस देणंच थांबलंय. इंडक्शनवर वांगं कसं भाजणार? जुन्या गावातल्या कितीतरी घरांत अजून गॅसची शेगडी आहे. वांगं ज्वाळेवर फिरवा, साल तडतडून फुटली की खाली घ्या. खिडकी मात्र आधी उघडा, धुराचा अलार्म वरच्या म्हाताऱ्याला झोपेतून उठवतो. आणि येताना तूप, खवा भरू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कळण्याचं पीठ आणि उडदाचे पापड बिनधास्त आणा.

गाडीचं म्हणाल तर ऑफिस सायकलवर, बाकी ट्रेन. ॲमस्टरडॅम अर्ध्या तासाच्या आत. बँकेचं कार्ड टेकवलं की बस, ट्राम, ट्रेन सगळं चालतं. जुन्या गावात पार्किंगचा परवाना लवकर हाती लागत नाही, आणि लागला तरी गाडी उभी करून घरापर्यंत चालायचंच. कधी आयकिया नाहीतर समुद्रावर जायचं तर तासावर गाडी भाड्याने मिळते. ३० टक्के रुलिंग (परदेशातून नोकरीला आलेल्यांची करसवलत) मिळालं तर आपलं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून घेता येतं, तेवढं करून ठेवा.

आता त्रास काय, तेही ऐका. जिने. आईने पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाली, ‘हाऊ जिना शे का निसणी?’ (हा जिना आहे की शिडी?) फ्रीज, सोफा जिन्यातून येतच नाही, बाहेरून शिडीची लिफ्ट लावून खिडकीतून घ्यावा लागतो. कालव्यावरच्या घरात उन्हाळ्याच्या रात्री पिणाऱ्यांचा गलका दोन वाजेपर्यंत चालतो, त्यामुळे मागच्या गल्लीतलं घर बघा. संरक्षित जुनं घर असेल तर काचा एकेरी असू शकतात, आणि त्या बदलायला परवानगी लागते. बिल हिवाळ्यात कळतं. तळघरात राहायला कुणी देत असेल तर सरळ नाही म्हणा, ओल जात नाही.

कागदाचं एकच, पण पक्कं: त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल ना, हे आधी लेखी घ्या. आल्यावर पाच दिवसांत नोंदणी करायची असते, तिच्याशिवाय बीएसएन नंबर (इथला नागरिक क्रमांक) नाही, आणि त्याच्याशिवाय पगाराची गाडी अडते. डिपॉझिट दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, २०२३ पासून तसा कायदाच आहे. मालकाचा एजंट तुमच्याकडून कमिशन मागत असेल तर तेही बेकायदा. जाहिरातीत ‘काल’ (डचमध्ये उघडंबोडकं) लिहिलं असेल तर फरशीवरचं आवरण, पडदे, दिवे काहीच नसणार, ‘खेस्टोफेर्ट’, म्हणजे हे सगळं असलेलं, बघा. घर ठरलं की त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव घाला. ते आपल्याच भागातले पेशंट घेतात, आणि पुष्कळांच्या याद्या भरलेल्या असतात.

आईंचे गुडघे दुखत असतील तर लोंबोकमधलं तळमजल्याचं घर शोधा: गाव पायी, भाजी दारात, जिना नाही. तिथे नाही जमलं तर सिंगेलच्या अगदी बाहेरचं फोखेलनबुर्त चालेल. व्हिडिओवर घर दाखवतील तेव्हा एजंटला मागची खिडकी उघडायला आणि जिना खालून वर चढून दाखवायला सांगा. हॉल सगळेच दाखवतात.