वाचक विचारतात : जुन्या गाडीचा मीटर

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. पूर्वी १५५/८० आर १४ टायर होते. अलॉय व्हील घेताना १८५/६० आर १४ घातले. आता मोबाइलच्या जीपीएसवर ३४ असताना काटा ४० दाखवतो, ५३ला ६० आणि ७२ला ८०. दहा किलोमीटरला ओडोमीटर (गाडी किती चालली ते मोजणारे आकडे) १०.४ मोजतो. मीटरवाला म्हणतो मॅग्नेट गेलं, बदला. बदलू का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नको. आकडे टिपून पाठवलेत ते बरं केलंत, निम्मं निदान त्यातच आहे. तुमचा फरक ६, ७, ८ असा वाढतो. दोष नुसता टक्क्यांचा असता तर ४०ला ६ चुकणारा काटा ८०ला १२ने चुकला असता. म्हणजे इथे दोन दोष एकमेकांत मिसळलेत. एक प्रमाणाचा, साधारण ५ टक्क्यांचा. दुसरा सगळ्या वेगांना सारखाच, साधारण ४ किलोमीटरचा.

प्रमाणाचा दोष टायरचा. १४ इंची रिम म्हणजे ३५५.६ मिमी. त्यात १५५च्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिमी, दोनदा मिळवा : व्यास ६०४ मिमी. नव्या टायरचा हाच हिशेब ५७८वर येतो. चाक ४.३ टक्क्यांनी लहान झालं, जवळपास तेवढंच ते जास्त फिरतं. ओडोमीटरची चक्रं गिअरबॉक्सकडून मीटरपर्यंत येणाऱ्या फिरत्या केबलवर थेट दात्यांनी चालतात, मॅग्नेटचा तिथे संबंधच नाही. म्हणून ओडोमीटर चुकला की आधी मीटरच्या बाहेर शोधायचं : टायर, डिफरन्शियल (चाकांना फिरवणारा गिअरसंच), गिअरबॉक्समधलं पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक). तुमचा १०.४चा आकडा टायरशी जुळतो. हा दोष मी तरी तसाच ठेवीन. काटा जास्त दाखवतो तोवर दंडाची भीती नाही.

उरलेला दोष मात्र मीटरच्या आतला. केबलला जोडलेलं मॅग्नेट अ‍ॅल्युमिनियमच्या कपाजवळ फिरतं, कपात एडी करंट (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि कप मॅग्नेटच्या मागे ओढला जातो. त्याला केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग मागे खेचते. मॅग्नेट कमजोर झालं तर ओढ कमी पडते आणि काटा कमी दाखवतो. तुमचा जास्त दाखवतो, तेव्हा मॅग्नेटवर संशय घ्यायचं कारण नाही. स्प्रिंग सैल पडली तर काटा जास्त जातो, पण टक्क्यांत. सगळीकडे सारखाच फरक येतो तो काटा दांडीवर सरकल्यामुळे किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत स्प्रिंगचं टोक हलल्यामुळे. गाडी उभी असताना डोळा काट्यासमोर सरळ ठेवून पाहा, तो शून्याच्या किंचित वर थांबत असणार.

काटा बोटाने मागे ढकलू नका. दांडी वाकली तर कप मॅग्नेटला घासायला लागतो. मीटरवाल्याला ड्रिलवर मीटर फिरवून काटा बसवायला सांगा. बऱ्याच जुन्या डायलवर बारीक अक्षरांत एक आकडा असतो, एका किलोमीटरला (मैलाच्या डायलवर एका मैलाला) केबलचे किती फेरे ते सांगणारा. तो १००० असेल तर मिनिटाला १००० फेऱ्यांवर काटा ६०वर यायला हवा. काटा खालच्या टोकाला दाबला जात असेल तर ड्रिल उलट्या दिशेने फिरवा.

जाता जाता : पुन्हा तपासाल तेव्हा घोडबंदर रोडवर मेट्रोच्या पुलाखाली नको, जीपीएस तिथे भरकटतं. पहाटेचा मोकळा पाम बीच रोड उत्तम. शेजारी बसलेल्याला आकडे टिपू द्या. वेग १५-२० सेकंद स्थिर धरा, कारण मोबाइलवरचा आकडा थोडा मागून येतो.

प्रश्न : अँबॅसिडर मार्क फोरला इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स बसवला. आता ६०ला काटा ४८वर आणि ओडोमीटरही दहाला आठच मोजतो.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : दोन्ही एकाच प्रमाणात कमी, म्हणजे मीटर निर्दोष आहे. नव्या बॉक्सचं वर्म-पिनियन (स्क्रूसारखा गिअर आणि तो फिरवतो ते पिनियन) तुमच्या मीटरशी जुळत नाही. अंदाज नको, मोजा. केबल मीटरकडून सोडा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये बरोबर २० मीटर ढकला आणि फेरे मोजा. डायलवर १००० असेल तर २० फेरे हवेत. तुमच्या वर्णनावरून १६च्या आसपास येतील. शेवटचा अर्धा-पाव फेराही धरा, आणि दोनदा मोजा.

बॉक्समध्ये २० दात्यांचं पिनियन असेल तर १६चं बसवून हिशेब जुळतो, पण वर्मच्या दात्यांचा कोन आणि पिनियनचा व्यास जुळला तरच. नाहीतर पिनियन लवकरच झिजतं. न जुळल्यास केबलच्या वाटेत १ला १.२५चा रेशो बॉक्स (फेरे वाढवणारी छोटी गिअरपेटी) बसवा. मीटरवाला मॅग्नेटला जास्त चार्ज देऊन काटा वर आणून देईल, पण ओडोमीटर आठचा आठच राहील. त्यात पैसे घालू नका.

प्रश्न : ३०च्या खाली काटा थरथरतो, टक-टक आवाज येतो. पावसाळ्यात जास्त.
– एक वाचक, खारघर

उत्तर : केबल. आतली तार पूर्ण बाहेर ओढा, फरशीवर सरळ ठेवून बोटांनी फिरवा. मध्येच उसळली तर तिला पीळ पडलाय. ती सरळ होत नाही, बदला. चौकोनी टोक गोलसर झालं असेल तरीही बदला. नळीत गंज असेल तर नळीसकट. नव्या तारेला ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडचे १५-२० सेंटीमीटर कोरडे ठेवा. ग्रीस मीटरमध्ये चढलं की मॅग्नेट आणि कप चिकटून फिरतात आणि काटा भलतीकडे जातो. तार आधीच तेलाने ओली निघाली तर गिअरबॉक्सकडचं ऑइल सील गेलंय, ते आधी बदला. मीटरकडे तार नळीबाहेर सुमारे १० मिमी यायला हवी. डॅशमागे केबलला काटकोनात मोडू नका, वळण सैल ठेवा.

प्रश्न : जुनी आयात गाडी, डायल मैलांत. डायल बदलावी का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : मूळ डायल ठेवा. काचेवर आतून २५, ३१, ३७ आणि ५० मैलांपाशी बारीक खुणा करा : अनुक्रमे ४०, ५०, ६० आणि ८० किलोमीटर. ओडोमीटर मैलच मोजत राहील. ऑइल बदलायचा हिशेब करताना १.६ने गुणायला विसरू नका.