जागलीसाठी जाड लोकरीचा कोट घरी शिवायचा आहे, कापड कुठं मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव गोंदिया जिल्ह्यात, रात्रीच्या लाइनीवर (विजेवर) गव्हाचं ओलित, त्यानंतर रानडुकरांपासून पीक राखायला जागल. बाजारातली जॅकेटं शेकोटीच्या ठिणग्यांनी भोकं पडून दोन हिवाळ्यांत वाया जातात, म्हणून जाड लोकरीचं कापड आणून घरच्या मशीनवर कोट शिवायचा आहे. पण दुकानदार कापड दाखवतच नाहीत.

कापड शोधणं सोडा, ब्लँकेट शोधा. ओव्हरकोटाचं जाड लोकरी कापड आपल्याकडं कुणी ठेवत नाही, कारण ते खपत नाही. नागपूरच्या गांधीबाग-इतवारीत किंवा अमरावतीच्या घाऊक बाजारात ‘लोकरी’ म्हणून जे ठाण उलगडतात ते बहुतेक टेरीवूल सूटिंग असतं, म्हणजे अर्धंअधिक पॉलिस्टर आणि तेही पातळ. शाळेच्या ब्लेझरचं कापड तर बऱ्याचदा पूर्ण कृत्रिम. विदर्भात खरी लोकर येते ती घोंगडी, ब्लँकेट किंवा जुना कोट या रूपात. तेच कापून शिवायचं.

आधी जाडीचं बोलू, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तशी रात्र क्वचितच येते. एरवी डिसेंबर-जानेवारीत ८ ते १३ अंश धरून चाला. एवढ्या थंडीला सदरा-स्वेटरवरून घालायचा कोट चौरस मीटरला ४०० ते ५५० ग्रॅमचा पुरे. ७०० ग्रॅमच्या कोटात मचाणावर बरं वाटतं, पण फावडं घेऊन पाण्याचा दांड फोडायला लागलात की दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि घामानं ओला झालेला माणूस पहाटे जास्त गारठतो. मोजमाप सोपं आहे. ब्लँकेट २२५ बाय १५० सेंटीमीटर असेल तर ते ३.३७ चौरस मीटर भरतं. काट्यावर १ किलो ७०० ग्रॅम भरलं तर साधारण ५०० ग्रॅमचं कापड, २ किलो ४०० भरलं तर ७०० च्या वर. ठाणातलं कापड असेल तर दुकानदार ‘मीटरला इतके ग्रॅम’ सांगतो, तो धावत्या मीटरचा आकडा असतो. कापडाचा पन्हा (रुंदी) ५८ इंच, म्हणजे १.४७ मीटर असेल तर त्याला १.४७ नं भागा. ७०० ग्रॅमचा धावता मीटर म्हणजे प्रत्यक्षात ४७६. ऑनलाइन घेताना फोटो बघून ठरवू नका. वजन लेखी मागा, आणि जमलं तर विताएवढा नमुना मागवा.

आता मिळण्याच्या जागा. पहिली घोंगडी. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार हे पिढीजात मेंढपाळ आणि घोंगडी विणणारे. त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर थेट विणणाऱ्याकडून घ्या. नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातल्या सणगरांचा (तिकडच्या घोंगडी विणणाऱ्यांचा) माल मिळतो, कोल्हापूरकडून तो पार्सलनंही येतो. घेताना सूत बघा. हातसुताची जाडी कमीजास्त असते, गिरणीचं सूत एकसारखं. आजकाल बऱ्याच घोंगड्या बाहेरून आलेल्या गिरणीच्या सुताच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण हातसुताचा भाव त्याला देऊ नका. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ असते, त्यामुळे टोचते, आणि अस्तराशिवाय कोट अंगावर टिकणार नाही. चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी ताठ असते, ती कापायला उलट सोपी जाते.

दुसरी जागा कामठी. छावणीच्या आसपासच्या दुकानांत फौजी पद्धतीची करडी-हिरवी ब्लँकेटं विचारा. सरकारी किंवा रेल्वेचा शिक्का असलेलं ब्लँकेट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, ते कुठून आलं हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. तिसरी जागा जुन्या परदेशी कपड्यांचे ढीग, हिवाळ्यात नागपूरच्या फुटपाथवर आणि शनिचरी बाजारात लागतात ते. त्यात लोकरीचे लांब ओव्हरकोट निघतात, आणि आतल्या पट्टीवर लोकरीची टक्केवारी छापलेली असते. सगळ्यात घट्ट, न उसवणारं कापड इथं मिळतं. मोठ्यात मोठ्या मापाचा घ्या, शिवणी उसवून तुकडे मोकळे करा. चौथी जागा खादी भांडार. हिमाचल-उत्तराखंडचं लोकरी कापड मागवून देतात का ते विचारा. २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट असते. हिमाचलची हातमागाची पट्टी फार अरुंद असते, हे धरूनच किती मीटर लागेल ते ठरवा.

आणि ज्यांच्या नादी लागू नये ते. तिबेटी स्वेटरवाले आपल्या शेजारचेच, प्रतापगडच्या वसाहतीतले. माल चांगला असतो, पण तो स्वेटरच्या विणीचा, कापून शिवायला कामाचा नाही. ‘कॅशमिलॉन’ म्हणजे ॲक्रिलिक, काश्मीरशी त्याचा नावापलीकडं काही संबंध नाही. ‘मिंक’ म्हणजे बहुतेक पॉलिस्टर. पानिपतची वाटपाची ब्लँकेटं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून केलेली असतात. ऊब देतात, पण तंतू आखूड, म्हणून शिवण धरत नाहीत. एक धागा काढून हलकं ओढा, कापसासारखा सुटला तर ते पांघरायलाच ठेवा.

खरी लोकर ओळखायला दोन-चार धागे जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते, आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं, आणि काळी टणक गोळी मागं राहते. तुमच्या जॅकेटला भोकं पडतात ती याच वितळण्यानं. मिश्रण किती आहे हे बघायचं असेल तर काही धागे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा. लोकर विरघळून जाते, उरतं ते दुसरं काही. वाटी मोकळ्या हवेत ठेवा आणि त्यात संडासचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू होतो. दहा टक्के भेसळ चालते, नायलॉन असेल तर मजबुतीच वाढते. निम्म्याहून जास्त उरलं तर शेकोटीजवळ त्याचा उपयोग नाही.

कापण्याआधी कापड आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर कोट लहान भावाला जाईल. ब्लँकेट किंवा ठाणाचं कापड ओल्या सुती चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी सावलीत सपाट वाळवा, मग ओल्या फडक्यावरून इस्त्री. कापड विरळ असेल तर ते मुद्दाम दाटही करता येतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून टबात पायानं तुडवा आणि दर पाच मिनिटांनी काढून मोजा. दोन्हीकडून दहा टक्के आटलं की ४०० ग्रॅमचं कापड ४९० च्या पुढं जातं. पण गेलेलं माप परत येत नाही, म्हणून आधी एका कोपऱ्याचा तुकडा करून बघा. घोंगडीला हे करू नका. खळ निघून ती लोळागोळा होते. तिला फक्त झटकून ऊन द्या.

आता बेतणी. मापं छाती ४० साठी आहेत, कोटाचा तयार घेर ४८ इंच. जाड कापडाला आठ इंच मोकळीक लागतेच, सहावर गेलात तर हात वर करताना पाठ ओढेल. शक्य तितके सरळ चौकोन ठेवा, कारण गोलाईत जाड लोकर चुण्या धरते. माया (शिवणीसाठी सोडलेली कड) सगळीकडं पाऊण इंच. ब्लँकेट ८८ बाय ५९ इंच आहे असं धरतो. पहिला ३२ इंचाचा आडवा पट्टा काढा. त्यात पाठ २५½ इंच रुंद आणि पुढचे दोन भाग १५½ इंची, मिळून ५६½, म्हणजे पन्ह्यात बसतात. पुढच्या भागात दोन इंच बटणपट्टी धरलेली आहे. दुसरा पट्टा २३ इंचाचा: दोन बाह्या प्रत्येकी २१½ रुंद, मनगटाकडं १३ पर्यंत उतरत्या, आणि उरलेल्या १६ इंचांत खिसे. पाठ रुंद असल्यानं खांदा दंडावर उतरतो, म्हणून बाहीची लांबी खांद्यापासून न मोजता तिथून मनगटापर्यंत मोजा. खांद्याला दीड इंच उतार, मागचा गळा एक इंच, पुढचा साडेतीन. काखेत पाच इंची चौकोनी कळी घाला. कळी नसेल तर फावडं उचलताना पहिली शिवण तिथंच जाते. राहिलेल्या ३३ इंचांतून १५ बाय १२ चे दोन तुकडे टोपीला. घोंगडीची खोळ करून डोकं झाकतात तेच काम ही टोपी करते, फक्त दोन्ही हात मोकळे राहतात.

कापडाची लव एकाच दिशेला, खाली, राहू द्या. नाहीतर बाहीचा रंग वेगळा दिसतो.

घोंगडी कापताना थेट कात्री चालवू नका, सूत सुटून दोन इंच भाग हातात येईल. खडूची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर एकेक शिलाई घ्या, मग मधून कापा. दाट ब्लँकेटला आणि जुन्या ओव्हरकोटाला याची गरज नाही.

घरची पायमशीन चालते, मात्र १८ नंबरची सुई घाला आणि दोन-तीन जास्तीच्या जवळ ठेवा. धागा पॉलिस्टरचा, सुती धागा घामानं आणि दवानं कुजतो. टाका मोठा, इंचाला सहा-सात. फुटाच्या (मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या) दांडीवरचा दाबाचा स्क्रू ढिला करा, वरचा ताण थोडा कमी करा. तरी खालचा थर दात्यांनी पुढं सरकतो आणि वरचा मागं राहतो, म्हणून आधी धावदोरा घालाच. फूट अडत असेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. दोन थर आरामात जातात. चार थरांवर सुई मोडते. म्हणून कडा कुठंही दोनदा दुमडू नका. खालच्या घेराला, मनगटाला आणि टोपीला सुती मगजी (कडेवरून दुमडून शिवायची पट्टी) लावा. आतल्या शिवणी उघडून इस्त्री करा आणि माया दोन्ही बाजूंना हातानं टाचा. काज करण्याचा हट्ट नको, मोठी लाकडी बटणं आणि दोरीचे फासे पुरतात. बटणामागं आतून एक छोटं बटण किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर बटण लोकरीसकट उपटून येतं.

अस्तर अंगाला मांजरपाट किंवा जाड खादी (वर्ध्याला चांगली मिळते), रात्रभर पाण्यात भिजवून आटवलेली. पाठीत दोन इंचांची सैल चूण ठेवा. बाह्यांना मात्र गुळगुळीत अस्तर, सुती घातलं तर स्वेटर त्यात अडकतो.

एक अडचण आपल्या भागाची खास. कुसळ आणि गोखरू लोकरीत शिरले की वेचताना रात्र जाते. गवताळ धुऱ्यावरून (बांधावरून) जायचं असेल तर कोटाच्या खालच्या दहा-बारा इंचांवर आणि कोपरांवर बाहेरून जीनचं किंवा ड्रिलचं कापड चढवा. तुरीतल्या दवालाही तेच अडवतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही, पण पावसात ती जड होतेच. अवकाळीसाठी वरून प्लास्टिकची घोंगशी किंवा रेनकोट ठेवा. आणखी एक: काळी घोंगडी घालून धुऱ्यावर वाकलेला माणूस अंधारात डुकरासारखा दिसतो. पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून टाका, सायकलच्या दुकानात मिळते.

उरलेल्या तुकड्यांच्या चार इंची पट्ट्या जोडून नऊ फूट करा आणि पिंढऱ्यांना घोट्यापासून वर गुंडाळा.

फेब्रुवारीत कोट पेटीत टाकण्याआधी डाग धुऊन पूर्ण वाळवा. कसर (लोकर खाणारी कीड) लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी. जुनं ब्लँकेट विकत आणलं असेल तर त्यात अळी-अंडी असणारच असं धरा: मे महिन्यात काळ्या पॉलिथिनमध्ये बांधून गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवा, मधे एकदा पलटा. आत ५५ अंशांच्या वर गेलं की कसर मरते, आणि आपल्याकडच्या मेमध्ये तेवढं सहज होतं. हिवाळ्यात आणलं असेल तर घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये तीन दिवस. त्यानंतरच ते बाकीच्या कपड्यांजवळ न्या.