पहिल्या तासाआधीचे सहा आठवडे

नाशिक, जून

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर हातात आहे, एनआयटींच्या एम.टेक. प्रवेशासाठीच्या सीसीएमटी या सामाईक यंत्रणेत नाव नोंदवलं आहेस, आयआयटींचे अर्जही गेलेत. एम.टेक.चे वर्ग सुरू व्हायला आता सहा-सात आठवडे उरले. एवढ्या दिवसांत काय करू, कुठला कोर्स लावू, कुठला लॅपटॉप घेऊ, असं तू विचारलं आहेस. लॅपटॉपचं दोन ओळींत सांगून होईल, कागदपत्रांना थोडा वेळ लागेल. बाकीचं पत्र शोधनिबंधातला एक आलेख स्वतः उभा करण्याबद्दल आणि त्याच्या तयारीबद्दल आहे.

कागदपत्रं आधी, कारण त्यातली चूक प्रवेशाच्या दिवशी कळली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. तुझ्याकडचा नॉन क्रीमी लेयरचा दाखला राज्याच्या नमुन्यातला असेल, तर एनआयटी-आयआयटीत तो चालणार नाही. तिथे केंद्र शासनाच्या नमुन्यातला आणि यंदाच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेला दाखला लागतो. अर्ज भरतानाच नमुना कुठला ते बघ. सेतूत गर्दी असली की समोरचा माणूस सवयीने राज्याचाच नमुना निवडतो. जात केंद्राच्या यादीत कुठे आहे तेही तपास. राज्यात एनटी (भटक्या जमाती) किंवा व्हीजेत (विमुक्त जाती) असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, आणि राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण तिथे लागूच होत नाही. विद्यापीठाकडून सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केलेलं पत्र घे. स्वतःच ९.५ ने गुणून टक्के भरशील, तर पडताळणीत तफावत निघेल. मायग्रेशनचा अर्जही याच आठवड्यात टाक.

पसंतीक्रम भरताना सगळ्यात वर तीच जागा लिही जी तुला सगळ्यात जास्त हवी आहे, मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. यंत्रणा तुझी यादी वरून खाली वाचते आणि तुझ्या गुणांत बसणारी पहिली जागा देते. ‘ही नक्की मिळेल’ म्हणून एखादी जागा वर ठेवलीस, तर तिच्या खालची प्रत्येक जागा तू स्वतःच सोडलीस. जागा मिळाल्यावर फ्लोट घेतलंस की यादीत तिच्या वर असलेल्या कुठल्याही जागेसाठी नाव पुढच्या फेरीत जातं. स्लाइड घेतलंस तर त्याच संस्थेतल्या वरच्या पसंतीपुरतं, आणि फ्रीझ म्हणजे तिथेच थांबणं. आयआयटींच्या जागांचा होकार-नकार सीओएपी या वेगळ्या पोर्टलवर द्यायचा असतो. दोन्हीकडच्या तारखा एकाच कागदावर लिहून भिंतीला लाव.

पैशांबद्दल स्पष्टच लिहितो. गेटवर प्रवेश मिळाला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, पण ते पहिल्या महिन्यापासून हातात पडेल असं धरू नकोस. नोंदणी, पडताळणी आणि हजेरी पार पडल्यावर ते खात्यात येतं. तोवर तीन-चार महिन्यांची मेस, खोली आणि प्रवास घरच्या पैशांतून चालेल अशी तजवीज आई-बाबांशी बोलून करून ठेव. खातं तुझ्या एकटीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. शाळेत असताना काढलेलं, रकमेची मर्यादा असलेलं खातं असेल तर ते आताच साध्या बचत खात्यात बदलून घे.

लॅपटॉप १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा पुरे. मोठी गणितं विभागाच्या संगणकावर चालतात, त्यासाठी महागडं गेमिंग मशीन घेऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. बी.ई.ला प्रश्न छापून येतो: बीमची लांबी दिलेली, भार दिलेला, काय काढायचं तेही दिलेलं. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी यातलं काहीच दिलेलं नसतं. गृहीतकं तू ठरवायची आणि उत्तर बरोबर आहे हे सिद्धही तूच करायचं. मुलं अडतात ती इथे. सॉफ्टवेअर येत असतं, रंगीत चित्र निघतं, पण ते खरं की खोटं हे सांगता येत नाही. म्हणून प्रमाणपत्रांचे चार कोर्स लावण्याऐवजी हे सहा आठवडे स्वतःचं उत्तर तपासण्याच्या सवयीवर घाल, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कागदावर कर. प्रत्येकी १ किलोची दोन वजनं आणि १०० न्यूटन प्रति मीटरच्या तीन स्प्रिंगा घे: भिंत, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, भिंत. समीकरणं लिही, मॅट्रिक्स मांड, आयगेनव्हॅल्यू हाताने काढ. १०० आणि ३०० येतील, म्हणजे कंप्रता त्यांच्या वर्गमुळांएवढ्या, १० आणि १७.३२ रेडियन प्रति सेकंद. कंपनाच्या पहिल्या प्रकारात दोन्ही वजनं एकाच दिशेला हलतात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. उत्तर १० का आलं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. मग तेच पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये वीस ओळींत लिही. आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

दुसऱ्या आठवड्यात एक कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेली पट्टी, घे. पोलादाची १०० मिमी लांब, १० बाय १० मिमीची पट्टी, एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकावर १०० न्यूटन. ई, म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, २ लाख मेगापास्कल धरलास तर टोक बरोबर ०.२ मिमी वाकतं आणि मुळाशी ६० मेगापास्कल ताण येतो. हे हाताने दोन मिनिटांत निघतं. आता तीच पट्टी फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे वस्तूचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसव. त्यातलं कॅल्क्युलिक्स फुकट आहे, विद्यार्थी आवृत्त्याही मिळतात. जाडीत एकच थर ठेवून साधे चार गाठींचे (नोडचे) टेट्राहेड्रल, म्हणजे चार पृष्ठांचे, एलिमेंट वापरलेस तर वाक ०.२ पेक्षा बराच कमी येईल, कारण हे एलिमेंट वाकायला खऱ्यापेक्षा ताठ असतात. दहा गाठींचे घेतलेस की आकडा जागेवर येतो.

मग मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बारीक करत जा आणि पक्क्या टोकाच्या कोपऱ्यातला ताण लिहून ठेव. तो वाढतच राहील, कुठेच थांबणार नाही. तिथे गणितालाच मर्यादित उत्तर नाही, म्हणून त्या कोपऱ्यातला लाल रंग दाखवून ‘कमाल ताण एवढा’ असं प्रबंधात कधीही लिहायचं नाही. ताण मोजायचा तो आधारापासून दूर. लांबीच्या मधोमध, ५० मिमीवर, पृष्ठभागावर ३० मेगापास्कल यायला हवा, आणि तो मेश बदलला तरी हलत नाही.

त्याच पट्टीची पहिली नैसर्गिक कंप्रता काढ. हाताने सुमारे ८१५ हर्ट्झ येते, सॉफ्टवेअरमध्ये किंचित कमी. तुला २६ च्या आसपास मिळाली तर घाबरू नकोस, घनता बघ. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करताना वस्तुमान टनात धरावं लागतं. पोलादाची घनता तिथे ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात. सवयीने उणे सहावा लिहिला की घनता हजारपट होते आणि कंप्रता हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३१.६ पटीने घटते. सॉफ्टवेअर याची कसलीही सूचना देत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तो आलेख. ज्या विभागात जाण्याची शक्यता आहे, तिथल्या दोन-तीन प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध काढ. त्यातला एक निवड, ज्यात भूमिती, साहित्याचे गुणधर्म आणि भार पूर्ण दिलेले असतील. पहिल्या वाचनात फक्त आकृत्या बघ. दुसऱ्यात प्रत्येक गृहीतक वहीत उतरव. तिसऱ्यात एकच आलेख निवड आणि तो स्वतः उभा कर. पहिल्या खेपेला जुळत नाहीच. कधी निबंधात आधाराची अट नीट लिहिलेली नसते, कधी डॅम्पिंग, म्हणजे कंपन किती विरतं, ते सांगितलेलं नसतं, कधी चूक आपलीच असते. फरक कुठून आला ते शोधताना तीन आठवडे गेले तरी ते सत्कारणी लागले असं समज. पुढे त्या प्राध्यापकांना भेटशील तेव्हा ‘मला या विषयात रस आहे’ म्हणण्यापेक्षा ‘तुमचा हा आलेख असा जुळला आणि इथे जुळला नाही’ हे दाखव. गाइड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनाही भेट. प्रयोगशाळेतलं यंत्र चालू आहे का आणि सर आठवड्याला किती वेळ देतात, हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

वाचताना टिपणं स्वतःच्या शब्दांत घे आणि प्रत्येक टिपणासोबत स्रोत लिही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, त्यापुढे वर्ष जातं आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. अडकतात त्यांच्यातले बरेचजण चोरी करत नसतात. दीड वर्षापूर्वी उतरवलेलं वाक्य कुणाचं होतं हे ते विसरलेले असतात.

आणि गाव सोडण्याआधी एक दिवस निफाड किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत जा. औषध फवारायचा ब्लोअर जवळून बघ. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे ९ हर्ट्झ. शाफ्ट युनिव्हर्सल जॉइंटमधून तिरका गेला की गतीतला चढउतार त्याच्या दुप्पट, १८ हर्ट्झला येतो. फ्रेमला वेल्डिंग पुन्हा कुठे मारलं आहे ते शेतकऱ्याला विचार, फोटो काढ, मापं घे. टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना फ्रेमची कंप्रता किती बदलते, १८ च्या जवळ कधी येते? याचं उत्तर छापून आलेलं नाही, आणि ते काढायला लागणारं सगळं वरच्या पट्टीत आहे.

कँटिलिव्हरची फाइल झाली की पाठव. ०.२ आलं नाही तर दुरुस्त न करता आहे तशीच पाठव, एककांपासून एकेक ओळ बघू.